वरचा मजला

अण्णा,

तुम्ही मस्कतहून सुट्टीवर आलात त्या दिवशी पायातले बूटही न काढता शिडी लावून वर चढलात. आईने छतावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. तुम्ही एकेक खाली फेकलीत आणि तिला एवढंच म्हणालात, "मातीखालून माणसं काढलीत म्या. ह्या घरावर वजन न्हाय पायजे." भूकंपात तुमची आई जुन्या घराच्या माळवदाखाली गेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग तुम्ही माझा हात धरून भिंतीवरून फिरवलात. पुनर्वसनात मिळालेलं घर, खिडक्यांच्या वरून चारी बाजूंनी गेलेला सिमेंटचा पट्टा, त्यावर हलकं छत. मी सिव्हिल इंजिनिअर झाले त्याची सुरुवात तिथे आहे, असं मी कुणाला सांगत नाही.

पुढे तुम्ही तिकडून शवपेटीत परत आलात आणि तुमच्याच वाटेने दादा मस्कतला गेला. माझी फी त्यानेच पाठवली, आईच्या मोतीबिंदूचा खर्चही. त्यामुळे हा पैसा वाईट, असं मला म्हणता येत नाही. पण आपल्या गल्लीत बाहेरचा पैसा आला की तो वर चढतो. स्टीलचे कठडे, रंगीत फरशा, कुलूप लावलेल्या खोल्या. बांधणारे परदेशात, खाली म्हातारी माणसं, शेतं बटईने दिलेली. गावचे गवंडीसुद्धा तिकडेच आहेत, म्हणून इथे माडी बांधायला बिहारची माणसं येतात. जे गाव छताखाली मेलं तेच पुन्हा डोक्यावर वजन घेतंय, आणि भिंती कुणी तपासत नाही.

दादाला लग्नाआधी आपल्याही घरावर माडी चढवायची आहे, म्हणून गेल्या रविवारी मी आपल्या भिंतीचा गिलावा थोडा काढून बघितला. आई भाकरी थापत होती. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर दादा होता.

"काय म्हणतीया भिंत, इंजिनिअर बाई?"

"नाही म्हणते."

"तुज्या कालेजाला पैसं पाठवलं तवा मला कुणी इचारलं न्हाय, तुला झेपतंय का म्हणून."

आई तव्याकडे बघतच म्हणाली, "पोरीकडची माणसं अंगणात हुबी राहून वरच बघत हुती. घरात बी आली न्हाईत. लेकरू पस्तिशीला आलंय, आन् तू भिंती टोकरत बस."

"पोरीकडच्यांशी मी बोलते," मी म्हणाले.

"काय बोलतीस? नकाशा दावतीस?" दादा हसला. मग म्हणाला, "माडी न्हाय व्हायची, तर मी हितं कशापायी हाय?"

"ये मग परत."

आईने भाकरी उलटली.

भिंतींबद्दल मी खरं तेच सांगितलं, अण्णा. त्यांच्यावर मजला चढवता येणार नाही. पण घराच्या बाहेरून वेगळा पाया घेऊन कॉलम उभे केले, तर भिंतींवर भार न टाकता माडी होते. मी गणित करून पाहिलंय, नीट बसतं. खर्च मात्र दुपटीहून जास्त होतो, म्हणजे दादाला तिथे आणखी काही वर्षं राहावं लागेल. तुम्हीही दर सुट्टीला 'एवढंच वर्ष' म्हणून जायचात.

काल त्याने पुन्हा फोन केला. आईला न कळू देता, हळू आवाजात विचारलं, "दुसरा कायच मार्ग न्हाय का गं?"

मी नाही म्हणाले.