सतरंजीवरची मोकळी जागा

अमरावती
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण तुमच्या घरात एकाचा फोन म्हणजे सगळ्यांचा रेडिओ.

तुझ्या नणंदेचं, करिश्माचं लग्न ठरवायला रविवारी बैठक आहे, आणि पोरीला तो मुलगा नको आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. माझ्या भावाच्या, म्हणजे तुझ्या मामाजींच्या, बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. खुशालदादा आधी बोलणार, मग सुपारीचं ताट फिरणार. ज्यानं सुपारी उचलली, त्याचा होकार. तोंडात सुपारी असली की बोलता येत नाही, ही सोय ज्यानं शोधली त्याचा सत्कारच करायला हवा!

तू सून म्हणून येण्याआधी करिश्माच्या थोरल्या बहिणीचं, चंदाचं असंच ठरलं. तिनंही सुपारी उचलली. दुसऱ्या दिवशी अंथरुणं काढताना ती अख्खी सुपारी तिच्या उशीखाली सापडली. मी दादाला नेऊन दाखवली. तो म्हणाला, पोरी अशाच लाजतात. पुढच्या दिवाळीला चंदा माहेरी आली नाही. सासरच्या विहिरीवरून तिची बातमी आली. तेव्हापासून सतरंजीवर दादाशेजारची तिची जागा मोकळी ठेवतात. पाहुणा चुकून बसला तर उठवतात. मेल्यावर एवढा मान! जिवंतपणी एक वाक्य ऐकायला काय झालं होतं?

शिक्षिकांना गटचर्चा घ्यायला शिकवण्यात माझी हयात गेली, तेव्हा नीट वाच. सगळ्यांत लहान आधी बोलेल, दादा शेवटी. त्याला सांग, मोठ्या माणसाचा शब्द शेवटचाच शोभतो, खूश होईल. ताट ज्याच्या हाती तोच बोलेल, मध्ये कुणी तोंड घालणार नाही. आधीच्या माणसानं दिल्याशिवाय ताट कुणी ओढायचं नाही. सुपारी सगळ्यांचं बोलून झाल्यावर. आणि कुणी गप्प राहिलं, तर थांबायचं. गप्पपणा बुजवायची घाई करू नकोस. आमच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत उभी राहायची. शेवटी मुक्या पोरीही बोलायच्या.

धीट राहा. माझा जीव तिकडेच आहे.

तुझी
रागिणीआत्या

*

अकोला
११ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. मामाजींना शेवटच्या शब्दाचा मान खरंच आवडला.

करिश्मानं ताट घट्ट धरलं आणि खाली बघतच सांगितलं, की तिला नर्सिंग पुरं करायचंय, हे लग्न करायचं नाही. हे मध्येच म्हणाले, की मंडीत फुलकोबीसुद्धा एवढा भाव खात नाही. मी म्हटलं, ताट तुमच्या हाती नाही. मग माझं झालं, ताट ह्यांच्याकडे गेलं आणि ह्यांची थट्टा कुठे गेली कोण जाणे. हळूच म्हणाले, की ते घर त्यांनाही पसंत नाही.

मग सासूबाई. ताट मांडीवर घेऊन बसल्या, बोलेनात. मी थांबले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणी उठलं नाही. मामाजींनी ताटासाठी हात पुढे केला, तशा सासूबाईंनी ताट मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, की कावून घाई करून राहिले? आता चंदाचा नंबर हाय, तिले बोलू द्या.

आत्याबाई, बाकी सतरंजी विरली आहे. तेवढाच तुकडा अजून लाल आहे. पंखा बंद होता, तरी ताटातली एक सुपारी गडगडत कडेला आली. हे म्हणतात, खाली सतरंजीला वळी होती. असेल. पण मामाजींनी हात मागे घेतला तो घेतलाच.

आज सकाळी मुलाकडचा फोन आला. मामाजींनी एवढंच सांगितलं, की आमची बैठक संपली नाय अजून. ताट तिथंच आहे, उचलू देत नाहीत. मुलाकडचे शनिवारी स्वतः येऊन जबाब घेणार आहेत. तोवर मामाजींचा धीर टिकेल का, याची करिश्माला धास्ती आहे. पुढे काय करायचं? तुमच्या नियमांत हे नव्हतं.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

प्रणाली

*

अमरावती
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रणालीस आशीर्वाद.

असला प्रश्न मला एकाही प्रशिक्षणात कुणी विचारला नाही. तुझ्या सासूनं, पार्वतावहिनीनं, एका वाक्यात माझी सगळी विद्या मागे टाकली. तिला सांगू नकोस, मीच सांगेन.

शनिवारी मुलाकडच्यांच्या आधी पोचते. उशीखालची ती सुपारी मी टाकली नव्हती. कपाट उघडताना दरवेळी ती कुठे आहे हे मला न बघता कळतं. ती घेऊन येते आणि त्या ताटात, चंदाच्या जागी ठेवते. तिचं उत्तर तेव्हाच आलं होतं.

मग ताट दादाच्या हाती जाईल. तो गप्प बसेल, खाकरेल, पाणी मागेल. पाणी द्या, शब्द देऊ नका. कुणीही त्याच्या वतीनं बोलायचं नाही. दारात पाहुणे उभे राहिले तरी थांबायचं.

वहिनीशेजारी मला जागा धरून ठेव. मोकळी नाही, बसायची.

रागिणीआत्या