तिरक्या निबवर माझा इलाज

२७ एप्रिल १९८६, रविवार. संध्याकाळ.
वैजापूरहून परत. चौदा वर्षांत प्रथमच सासरेबुवांनी माझ्यावर विश्वास टाकला. त्यांचं पेन माझ्या ताब्यात! (बायकोचं, प्रमोदिनीचं, म्हणणं, तिच्या तात्यांनी पेन तिच्याकडं दिलं, औरंगपुऱ्यात पेनवाल्या कडूबाच्या दुकानात टाक म्हणून, मी ते तिच्या पर्समधून काढून घेतलं. तपशिलाचा फरक.)
पेन १९३८ चं. विलायती, हिरवं, निब सोन्याची. तक्रार एकच, आट्यांतून शाई गळते. पुढच्या महिनाअखेरीच्या आत, म्हणजे मे संपायच्या आत, परत पाहिजे. कारण ईद. तात्यासाहेब निजामाच्या काळात वैजापूरच्या कचेरीत पेशकार होते. तिथले त्यांचे दोस्त नजीर अहमद पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला गेले. तेव्हापासून दर ईदला तात्यासाहेबांचं उर्दू पत्र जातं. एकाही वर्षी खाडा नाही. आता त्यांचा हात थरथरतो. दुसऱ्या कुठल्याही पेनानं अक्षर उमटत नाही, ह्याच पेनानं अजून उमटतं, असं ते म्हणतात. म्हातारी माणसं.
पेन जपून आणा, म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले.

२८ एप्रिल.
ऑफिसात पेन दाखवलं. हेडक्लार्क नानासाहेब म्हणाले, आता बॉलपेन वापरत जा, जमाना बदलला. कीव आली. पेनातलं मला कळतं हे ह्यांना कोण सांगणार? आजवर सात पेनं मी स्वतः खोलली. चार परत जोडली.

१ मे. सुट्टी.
कडूबाकडं गेलो. त्यानं निब अंगठ्याच्या नखावर टेकवली, डोळे मिटले, म्हणाला, आट्याला जरासं मेण लावा साहेब, बास. अन् निबला हात लावू नका, लई जाणत्या हातानं घासलीय. मेण लावायचे दोन रुपये.
मेण लावायला दुकान कशाला? पेन घेऊन घरी आलो. बिचाऱ्याकडं साधं भिंग नाही. येताना मी एक भिंग घेतलं, अठरा रुपयांना.

२ मे.
मेण लावलं. गळती बंद. सात मिनिटं लागली! प्रमोदिनी म्हणाली, मग रविवारी देऊन येऊ.
देऊ की. घाई काय आहे? अजून चार आठवडे आहेत.

२ मे, संध्याकाळी सहा.
सहज भिंगातून निब बघितली. तिरकी आहे! एक बाजू झिजून खाली गेलीय. अठ्ठेचाळीस वर्षं एकाच बाजूला दाब, दुसरं काय होणार? अन् कडूबा म्हणे जाणता हात.

३ मे.
संकल्प: पेनाला हात लावायचा नाही. काम झालंय.
हात शिवशिवतात. उगाच दोनदा गच्चीवर जाऊन आलो.

४ मे, रविवार.
हात लावला, पण फक्त धुण्यासाठी. धुण्यासाठी निब आणि तिच्याखालची जीभ बाहेर काढावी लागली. परत बसवायला तीन तास. प्रमोदिनी म्हणाली, गळती थांबली होती ना? मी म्हणालो, रोग वरवर गेला म्हणजे मुळातून गेला असं नव्हे. ती भाजी निवडायला गेली. पाठीवरून कळतं तिचं मत.

६ मे.
लिहून बघितलं. ‘कचेरी’, ‘वैजापूर’, ‘मुकुंद’. उभी रेघ जाडी येते, आडवी अडते, खरखरते. ह्या असल्या निबनं तात्यासाहेब निम्मं आयुष्य लिहीत आले! तक्रार म्हणून नाही. स्वाभिमानी माणूस. त्यांचं हे दुःख मलाच दिसलं, पोटच्या पोरीला दिसलं नाही.
ठरलं. निब सरळ करायची. त्यांनी एकदा तरी, मुकुंदराव शाब्बास, म्हणायला पाहिजे. सासरेबुवा ‘जावईबापू’ ह्या हाकेच्या पुढं कधी गेलेच नाहीत.

७ मे.
झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणला. प्रमोदिनीनं विचारलं, तात्या निबचं काही बोलले होते का? नव्हते बोलले. म्हणजे बंदी नव्हती.

८, ९, १० मे.
घासणे. ऑफिसला रजा टाकली, पोटदुखी. खोटं नाही, दुखतंच आहे.

११ मे, रविवार.
जमलं! निब सूतात सरळ. दोनशे वेळा ‘श्री’ लिहिलं, एकदाही अडखळली नाही. प्रमोदिनी म्हणाली, अक्षर होतं तसंच आहे तुमचं. अक्षराचा विषयच नव्हता.
वैजापूरला कार्ड टाकलं: रविवारी येतो, आश्चर्य घेऊन येतो.

१८ मे. वैजापूर.
तात्यासाहेबांनी मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद. बिस्मिल्ला म्हटल्यासारखं पेन उचललं आणि उजवीकडून सुरुवात केली. निब कागदात रुतली. शाईचा शिंतोडा. पुन्हा लिहिलं. पुन्हा रुतली. चौथ्यांदा हात इतका थरथरला की सासूबाईंनी पाट धरला.
निब डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाले, जावईबापू, ह्याची कत गेली.
मी विचारलं, कत म्हणजे? बोरूला तिरका काप देतात, ती कत, म्हणाले. उर्दू लिहायला तिरकीच लागते. नवीन पेन आलं तेव्हा ते चालेना, म्हणून नजीरनं कचेरी सुटल्यावर तीन दिवस दगडावर घासून ही कत दिली होती. त्याचा हात होता त्याच्यात.
त्यांनी टोपण लावून पेन माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, असू द्या, तुमचा इरादा नेक होता. पेन तुम्हीच ठेवा. तुमच्या मराठीला चालेल.
म्हणजे पेन मला बक्षीस मिळालं.

१९ मे.
येताना बसमध्ये प्रमोदिनी बायकांच्या सीटवर बसली. निम्मी बस रिकामी होती.
मला एक कळत नाही. तिरकी आहे ती मुद्दाम तिरकी आहे, हे आधी सांगायचं कोणी? निबवर लिहिलेलं नव्हतं. कडूबा तर नुसतं, हात लावू नका, म्हणाला. का लावू नका, हे सांगायला त्याची जीभ झिजत होती?

२० मे.
कडूबाकडं. त्यानं निब नखावर टेकवली, काढली. म्हणाला, साहेब, टोकाचा कडक दाणाच घासून टाकला की तुम्ही. आता कत द्यायची कशाला? अन् दाणा असता तरी उर्दूची कत देणारं इथं कोण राहिलंय? मला बी नाय येत.
दोन रुपये देऊ केले. घेतले नाहीत.

२२ मे.
हातपाय गाळून चालणार नाही. क्रांती चौकातून नवीन पेन आणलं. तिरकं घासणं सरळ घासण्यापेक्षा सोपंच असणार.

२५ मे.
तीन नवीन पेनं घासली. पहिलं उलट्या बाजूनं तिरकं झालं. दुसरं चिरलं. तिसरं उत्तम! प्रमोदिनी ते घेऊन एकटीच वैजापूरला गेली. मला, येता का, असं विचारलं नाही.

२६ मे.
परत आली. तात्यांनी अर्धा तास प्रयत्न केला, म्हणाली. चांगलं आहे पेन, असंही म्हणाले. मग बॉलपेन मागितलं. त्यानं नुसतं ‘नजीर’ लिहिलं, तेही त्यांना वाचता येईना. कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. जेवले नाहीत.
हे सांगताना रडली. मी पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करायला घेतला, तर म्हणाली, कृपा करून कशाला हात लावू नका.
नाही लावला. दिवसभर येरझाऱ्या घातल्या.

१ जून, रविवार. वैजापूर.
तात्यासाहेबांनी मलाच बोलावून घेतलं. म्हणाले, नजीरचा नातू शाळेत हिंदी शिकतो, तो वाचून दाखवेल. मी सांगतो तसं उर्दूच लिहा, फक्त तुमच्या देवनागरी अक्षरात. ईदच्या आत पोचलं पाहिजे. अन् पेन ते जुनंच घ्या.
मी लिहायला बसलो. सलाम, तबियतीची चौकशी, वैजापुरात ह्या साली कांदा कसा झाला ते. मग सांगितलं: नजीरभाई, खत दूसरे के हाथ का देखकर परेशान न होना. तुम्हारी दी हुई कत सलामत है, मेरा हाथ ही थक गया.
मी म्हणालो, तात्यासाहेब, हे खरं नाही. मीच घासली, तसं लिहितो.
म्हणाले, तसं लिहा.
लिहिलं. निब कुठंच अडली नाही.