पाण्याऐवजी ज्वारी

शिरूर कासार, गुरुवार संध्याकाळ

मागच्या आठवड्यात मी कांताबाईंवर उगाच चिडले. त्यांची सोनी सहा वर्षांची, हातांवर ताबा नाही. घरी रोज तिला एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी ओतायला लावा, असं मी सांगितलं होतं. "न्हाई केलं म्याडम," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी थेरपिस्ट असल्याच्या तोऱ्यात बोलून गेले, लेकरासाठी एवढंही होत नाही का? त्यांच्या गावात टँकर चार दिवसांनी येतो, हे मला ठाऊक नव्हतं? होतं की. मग पाणीच कशाला सुचलं?

आज त्या पिशवीत ज्वारी घेऊन आल्या. सोनीने खाली बसून ज्वारी ओतली, या वाटीतून त्या वाटीत. हात थरथरत होता, तरी चारच दाणे बाहेर पडले. "सांडलं तर येचून घेता येतं," कांताबाई म्हणाल्या. पाण्याचं तसं नाही. हे मला का नाही सुचलं?

मी माफी मागितली तर त्याच अवघडल्या. परवा ते सगळे ऊसतोडीला कारखान्यावर निघालेत, सोनीलाही घेऊन; तिथे पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहतील. सहा महिन्यांत ती सगळं विसरेल, ही धास्ती मी बोलून दाखवली. आता लिहिताना बरं वाटतंय, ते त्यांच्या उत्तरामुळे.

"कावून इसरंल? तिथं आमच्या कोपीजवळून पाट वाहतो. लई पाणी हाय. तिथं पाण्यानंच करू, सांडू द्या किती बी."