दुखणं शून्य

सोमवार, ४ नोव्हेंबर

आलो एकदाचा. खोली मनासारखी आहे. दोन खाटा, मोठी खिडकी, ऊन थेट पायथ्याशी. नळाला कोपराने ढकलायचा लांब दांडा, दाराला गोल मुठीऐवजी आडवा खटका. आमच्यासारख्या वाकड्या बोटांच्या माणसांचा विचार करून कुणीतरी बांधलंय, त्याचं भलं होवो. कपाटाचं कुलूप मात्र अगदीच टुकार. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, नजर आधी तिथेच जाते. सिस्टरना म्हटलं, हे तर शिंकेनेसुद्धा उघडेल. त्या म्हणाल्या, मग काका, शिंकताना जपून. तेव्हापासून मी इथला कुलूपवाला.

संधिवातावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान असतील, पण समजावतात कशा, शेजारी बसून. आठवड्याला पोटावर एक सुई. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे त्यांनाही ठाऊक नाही. काही वेगळं जाणवलं तर लगेच सांगायचं, मग सुई बंद आणि माणूस घरी. रोज सकाळी त्या खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरं, गुडघे असे अठ्ठावीस सांधे दाबून बघणार, आणि शेवटी दुखण्याला शून्य ते दहामधला एक आकडा विचारणार. आज मी नऊ म्हटलं. दहा राखून ठेवला, पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे.

लेकीचे दिवस भरत आलेत. जावई बोटीवर, वर्षभर यायचा नाही. बाळंतपणानंतर तिला लवकरच कामावर जावं लागेल, बाळ माझ्यापाशी राहील. म्हणाली, बाबा, तुमच्या हातात दिलं की मी निर्धास्त. आणि माझे हात बघावेत तर आल्याचे गड्डे. चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. म्हणून आलो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पहिली सुई झाली. मुंगी चावल्याइतकी.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर आहेत. खडूने फळ्यावर लिहिता येईना म्हणून शाळा सोडावी लागली. स्वभावाने गोड, पण घोरण्यात कुणाला हार जाणार नाहीत. सकाळी मला म्हणाले, काय हो कुलूपवाले, झोप लागली का? मी म्हटलं, लागली होती, तुम्ही उडवलीत. दिवसभर हसत होते. त्यांची बायको रोज दुपारी डबा घेऊन येते. मी तिला वहिनी म्हणतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज शर्टाची बटणं मी लावली. स्वतः. गळ्यापर्यंत. मग काढली आणि पुन्हा लावली.

आकडा विचारला तेव्हा शून्य म्हटलं. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पोरगी मायाळू आहे. मास्तरांचंही शून्य. आता आमचा खेळच झालाय. त्या दारात दिसल्या की आम्ही दोघे एका सुरात शून्य म्हणतो, सांधे दाबायच्या आधीच. बिचारीचा चेहरा उजळतो. तेवढ्यासाठी म्हणायचं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी चहा घेताना सिस्टर ओरडल्या. कप उकळत्या चहाने भरलेला होता आणि मी तो मुठीत धरून मास्तरांशी गप्पा मारत होतो. तळव्यावर फोड आलाय. मला काही कळलं नाही. नजर चुकली, असं सिस्टरना सांगितलं.

नंतर मास्तर खाटेवर येऊन बसले आणि हळूच म्हणाले की त्यांचंही तसंच आहे. टाचणी टोचून बघितली, रक्त आलं, पण टोचणं नाही. बाईंना सांगायचं का, विचारलं मी. म्हणाले, वेडे आहात का? सांगितलंत तर सुई बंद, पुन्हा ते आल्याचे गड्डे. नातवंडाला काय कोपरांनी उचलणार?

बाईंना सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. न दुखणं आणि काहीच न कळणं, दोन्हीला बाई एकच आकडा लिहितात.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मुलगी झाली! दोन आठवडे आधीच आली, घाईची बाई. लेकीने फोनवर फोटो पाठवलाय. मूठ आवळलेली, कपाळावर आठी, अगदी हिच्या आजीसारखी. दोघी सुखरूप. तुम्हाला न्यायला येईन तेव्हा हिला घेऊन येते, म्हणाली.

मला खूप आनंद झालाय. झालाच असणार. छातीपाशी हात ठेवून बघितलं, हाताला धडधड लागली नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दुपारची भेटीची वेळ. वहिनी खाटेच्या कडेला बसून मास्तरांचा हात हातात घेऊन बोलत होत्या, बहिणीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी. मी संत्रं सोलत होतो. वहिनी बोलता बोलता थांबल्या. मग हात सोडा म्हणाल्या. मग ओरडल्या. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला, पुन्हा आला.

मास्तर इकडेतिकडे बघत होते. कोण ओरडतंय, असं मला विचारत होते.

बोटं सोडवायला तिघे लागले. एकेक उचकटावं लागलं. सुटलेलं बोट पुन्हा जाऊन बसत होतं.

मास्तरांना दुसरीकडे नेलं. मी संत्रं खाल्लं. चव लागली नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. अशा प्रसंगी कोणाला काय दिलंय ते उघड करतात. मास्तरांना खरं औषध मिळालंच नव्हतं. पहिल्यापासून मिठाचं पाणी. म्हणजे दोष औषधाचा नाही; जुन्या दुखण्याने मानेतली नस दबली असावी, असं मोठ्या डॉक्टरांचं मत. चाचणी चालू राहील. बाईंना हायसं वाटलेलं दिसलं.

मिठाचं पाणी.

मग त्यांची बोटं सरळ कुणी केली? आणि ही माझी?

रविवार, १ डिसेंबर

आज सांगायचंच ठरवलं होतं. सुई बंद झाली तर होऊ दे. गड्डे परवडले, ते माझे होते. बाई सांधे दाबत होत्या, मी बघत होतो, जसं दुसऱ्या कुणाचं अंग दाबतायत. तोंड उघडलं. ओठ जड, जीभ फडक्यासारखी. तेवढ्यात उजवा हात वर आला. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला. शून्य.

बाई हसल्या. म्हणाल्या, काका, आज खुणेने का?

डाव्या हाताने त्यांची पाठ थोपटली. मी नव्हती थोपटली.

बुधवार, ४ डिसेंबर

सिस्टरना कागदावर लिहून द्यायला गेलो. मनात होतं, लेकीला इथे येऊ देऊ नका. कागदावर उतरलं, सगळं छान आहे. अक्षर सुरेख. माझं अक्षर असं कधीच नव्हतं.

या वहीत मात्र हात मला लिहू देतात. इथलं कुणी वाचत नाही, हे त्यांना ठाऊक आहे—

लेकीला फोन लावायला गेलो. बोटांनी फोन कापला, निरोप लिहिला. ये. बाळाला घेऊन ये. हात अगदी बरे झालेत.

तिने लगेच उत्तर दिलं. बाबा, मला रडू आलं.

गुरुवार, ५ डिसेंबर

हातांवर बसून राहिलो. सिस्टर म्हणाल्या, थंडी वाजते का काका—

ते खाली हलत होते. सराव केल्यासारखे. मिटत, उघडत. मिटत—

शुक्रवार, ६ डिसेंबर

आली. बाहेर सिस्टरशी बोलतेय. बाळ कुरकुरतंय.

ओरडतोय. आवाज नाही. तोंड हसतंय, खिडकीच्या काचेत दिसतं.

एवढंच सुचलं, लिहीत राहायचं. लिहितोय तोवर उजवा हात वहीवर आहे. काहीही लिही. खाट. नळ. दार. थांबायचं नाही—

लेक आत आली. म्हणतेय, अगबाई, बाबांची बोटं बघा किती सरळ. वही ठेवा ना बाबा. हिला घ्या.

डावा पुढे गेलाय. तळवा वर. मऊ, जसा आजोबाचा असतो—

नको म्हण. बाळा, नको देऊ. लिहितोय ना मी, दिसत नाही का, मी लिहि—

पेन्सिल सोडतायत. एकेक बोट. मी धरून आहे, मी अजून ध