हँडल वीतभर खाली

अमडापूर

चि. शेखर यास पुंजाजीकाकाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या काकूचे गुडघे आणि माझी साखर आपापल्या जागी आहेत. तुझी कंबर कशी आहे ते कळव. खुर्चीत बसून पगार घेणाऱ्यांचीच आधी जाते.

साखरेसाठी तू पाठवलेली सायकल उत्तम आहे. फक्त हँडल सीटपेक्षा वीतभर खाली होतं. बसलं की माणूस आपोआप वाकतो. वाकायला हरकत नव्हती, पण शेताची वाट महादेवरावांच्या ओट्यासमोरून जाते. (पोळ्याला तोरणाखाली आधी कुणाची जोडी, यावरून आमचं बोलणं बंद झालं, हे तुला ठाऊक आहेच. पुढे बैल दोघांनीही विकले, भांडण ठेवलं.) पहिल्याच सकाळी ते ओट्यावरून म्हणाले, “राहू दे पुंजाजी, इतकं नको वाकू. चाय घेऊन जाय.” वाकलो तो हँडलमुळे, हे सांगणार होतो, पण चहात आलं घातलेलं होतं. मग रोज थांबू लागलो. (त्यांच्यासारखा गप्पा मारणारा गावात दुसरा नाही. भांडणात हे विसरावं लागलं होतं.)

लवकरच पाठ धरली. मतीन सायकलवाल्याने हँडल वर घेऊन दिलं. पाठ सुखावली, पण दुसऱ्या दिवशी मी छाती काढून ओट्यासमोर आलो तसे महादेवराव उठून आत गेले. आतून आवाज आला, “चाय पिऊन ताठला पाहा!” चहा बंद. तेव्हापासून मी खिशात पाना ठेवू लागलो. ओट्याअलीकडच्या चिंचेखाली उतरायचं, हँडल खाली करायचं, वाकून चहा घ्यायचा. ओटा मागे पडला की पुन्हा वर. (मतीनने एकदा पाहिलं. म्हणाला, “काका, असं करान तर नट घिसून जाईन.” नटाचं काय, दुसरा मिळतो.)

काल नट कसायचा विसरलो. ओट्यासमोर हँडल वळवलं, ते एकटंच वळलं; सायकल सरळ महादेवरावांच्या रिकाम्या गव्हाणीत गेली. पाना त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी हँडल पाहिलं, पाना पाहिला, मग मला पाहिलं.

“काऊन बे, मान खाली कराले तुले पाना लागते?”

आणि इतके हसले, की त्यांना सावरायला मलाच गव्हाणीतून उठावं लागलं.

आता हँडल वर आहे आणि चहा चालू आहे.

तुझा
पुंजाजीकाका

ता. क. : कोपर खरचटलं. काकूला रस्ता खराब होता एवढंच सांगितलं आहे.

आणखी एक : महादेवरावांचीही साखर निघाली आहे. त्यांच्यासाठी तशीच सायकल पाठव. हँडल खालीच असावं, ही अट त्यांची नाही, माझी आहे.