चारही चाकं थंड

गोपिका,

बाबाले तपासणीले धंतोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो, आपल्याच जुन्या गाडीनं. ब्रेक चिकटते म्हणून मेकॅनिक सगळेच बदला म्हणे. तू मात्र तव्यावर मारतात तसं चाकांवर पाणी शिंपडलं! एकच चाक चर्र बोललं, ब्रेक चिकटून तापलेलं. तेच तू खोललं, ब्रेकची जाम झालेली पिन घासली, ग्रीस लावलं. मानलं वं तुले! पहाटे काटोल नाक्यापर्यंत चालवून मीही पाणी मारलं, चारही चाकं चूप.

"सुनेनं खोललेल्या गाडीत मी बसत नाही," म्हणे ना बाबा? मेकॅनिकनं केली, अशी थाप मारली मी. येताना बाबा त्या मेकॅनिकची तारीफ करतीनच, मोबाइलमध्ये रेकॉर्ड करतो. तुह्यासमोर दारातच ऐकवतो त्याहिले. तवरीक नखांतलं ग्रीस धुवू नको.

केशव