कप्तानांच्या बोटीवर दोन चरख्या

४ फेब्रुवारी

सासरे दोन जुन्या चरख्या घेऊन आले. गोणपाटात गुंडाळून, न सांगता, थेट माझ्या वर्कशॉपच्या दारात. म्हणाले, "जावईबुवा, पत्रा हा तुमचा प्रांत, मासे हा माझा. एवढ्या बोटीला बसवून द्या."

त्यांना घरात सगळे कप्तान म्हणतात. बोट केवढी, तर आमच्या स्वयंपाकघराएवढी. ॲल्युमिनियमची. (हा शब्द डबीवर बघून लिहिला.)

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गळ हातात धरून बसवत नाही. दिवसभर खुर्चीत. ही म्हणते, "बाबांना पाण्यावर ने, नाहीतर त्या खुर्चीलाच मुळं फुटतील." डॉक्टर जा म्हणालेत, पण एकटे नाही. म्हणजे मी. मला पोहता येत नाही हे कप्तानांना माहीत नाही. हिला माहीत आहे. ही म्हणते, "बाबा आहेत ना, काढतील तुला बाहेर."

६ फेब्रुवारी

चरखी उघडून पाहिली. काम साधं आहे. चरखीवर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गळाची दोरी तारेला चिमट्यानं अडकवायची. गोळा गळाला घेऊन खोल जातो. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. हातानं काही धरायला नको. कप्तानांच्या खांद्याला हेच पाहिजे.

पण गोळा जड आहे. बोटीच्या काठाचा पत्रा पातळ. नुसते बोल्ट मारले तर एका झटक्यात चरखी पत्र्यासकट निघून येईल. झोप लागली नाही.

७ फेब्रुवारी

कप्तान म्हणाले, खाली फळी ठेवा आणि आवळा. मी नाही म्हटलं. फळी पाणी धरते, पाण्यानं पत्रा सडतो. काठाच्या खाली जाड पट्टी घालणार, ॲल्युमिनियमचीच, चांगली रुंद. म्हणजे ओढ एका भोकावर येणार नाही, पसरेल. स्टीलचे बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर. हे दोन धातू खाऱ्या-गोड्या कुठल्याच पाण्यात एकमेकांशी नांदत नाहीत.

"आमच्या पोरीशी तरी नांदता ना?" कप्तान.

मी म्हटलं, "मध्ये वॉशर तुम्हीच आहात, बाबा."

खूप हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

१० फेब्रुवारी

एक डावीकडे, एक उजवीकडे. इंजिनापासून लांब, तार पंख्यात जायला नको. भोकं पाडण्याआधी तीनदा मोजलं. ही चहा घेऊन आली, म्हणाली, "एवढं मोजून तर तू मलासुद्धा पाहिलं नव्हतंस."

भोकांच्या कडा घासल्या. नट आवळले. चरखीला लोंबकळून पाहिलं. हलत नाही!

१२ फेब्रुवारी

एक शंका. चरखीला ब्रेक आहे. त्याचा नट सैल असला तर गोळा आपोआप खाली जाईल. तोही आवळला, पान्यानं, पूर्ण. तार तोडायची पक्कड पाण्यात पडू नये म्हणून बाकाला दोरीनं बांधली. आता सुटण्यासारखं काही राहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी निघालो. पाणी शांत. कप्तान सुकाणूवर, तोंडानं शीळ. उजवीकडच्या चरखीची मूठ उलटी फिरवून गोळा खाली सोडला. मी म्हटलं, ब्रेक घट्ट केलाय, काळजी नको. ते ऐकलं की नाही कोण जाणे, इंजिनाचा आवाज होता.

मग गोळा तळाशी कशाततरी अडकला. दगड असेल, बुडालेलं झाड असेल. बोट पुढे जात होती, गोळा जागेवर. तार सुटायला हवी होती, सुटली नाही. बोटीचा मागचा कोपरा खाली गेला आणि पाणी काठावरून आत आलं. माझ्या चपला तरंगल्या.

कप्तानांनी इंजिन बंद केलं. "डावीकडे बसा! तिकडे, तिकडे!" मी बसलो. ते पक्कड घ्यायला वाकले. दोरी आखूड. पक्कड तारेपर्यंत पोहोचेना. मी मारलेली गाठ त्यांच्यानं सुटेना. तेवढ्यात बोट थोडी मागे सरकली, तार ढिली पडली, आणि त्यांनी बऱ्या हातानं ती पकडीपर्यंत ओढून तोडली, गोळा तळाशीच सोडून दिला. बोट वर आली.

डब्यानं पाणी उपसलं. किनारा जवळ आल्यावर कप्तान म्हणाले, "बोल्ट छान मारलेत. तुटले असते तर चरखी गेली असती. तुटले नाहीत, म्हणून आपणच तळाला चाललो होतो."

थोड्या वेळानं, "ब्रेक आवळायचा नसतो हो. गोळा जेमतेम पेलेल एवढाच ठेवायचा. ओढ बसली की तार सुटली पाहिजे."

घट्ट म्हणजे सुरक्षित, एवढंच मला माहीत होतं.

१७ फेब्रुवारी

ब्रेक ढिला केला. नवा गोळा लावून हातानं ओढून पाहिलं. सुटते. पक्कड आता नुसती खिळ्याला अडकवली आहे.

२३ फेब्रुवारी

रविवार. कप्तान आले नाहीत. ही म्हणाली, "बाबा बोट विकायचं म्हणतायत. काय झालं रे त्या दिवशी?" मी सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली.

त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. उडणारच. ते परत खुर्चीत बसले आणि बसवलं मी.

२७ फेब्रुवारी

बोटीला आच्छादन घातलं. काही लिहावंसं वाटत नाही.

२ मार्च

कप्तान सकाळी वर्कशॉपवर आले. शटर अर्धं खाली ओढलं. म्हणाले, "तुमच्यावर राग नाही. मी घाबरलोय. मला पोहता येत नाही. कधीच आलं नाही. पोरीला सांगू नका." मी म्हटलं, "बाबा, मलाही नाही." त्यांनी शटर परत वर ढकललं. मग म्हणाले, "शर्ट बदला, चला." तरणतलावावर दोघांची नावं घालून आलो. लहान मुलांच्या वर्गात. मोठ्यांच्या वर्गात म्हणे थोडं तरी पोहता यावं लागतं.